बत्तीस मणांचे सिंहासन आणि नववीचा ऑनर्स वर्ग

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वर्तमानपत्रात परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणाविषयी अधूनमधून मजकूर येत असतो, आणि त्यात गणित, विज्ञान व संगणक यांची चर्चा भरपूर असते. इतिहासाचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. माझी मुलगी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका सरकारी हायस्कुलात शिकते आणि गेल्या वर्षी, म्हणजे नववीत, तिने जगाच्या इतिहासाचा ऑनर्स वर्ग पूर्ण केला. त्या वर्षभरात घरी जे पाहिले ते इतर पालकांपर्यंत, आणि महाराष्ट्रात इतिहास शिकणाऱ्या व शिकवणाऱ्या मंडळींपर्यंतही पोहोचावे, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करते. अमेरिकेत संपूर्ण देशाला लागू असलेला एक अभ्यासक्रम नाही. प्रत्येक राज्य आपापले निकष ठरवते आणि ते कसे शिकवायचे, कोणते पुस्तक लावायचे हे बहुतांशी स्थानिक शाळामंडळाच्या हाती असते. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करण्यासाठी समाजशास्त्रीय विषयांचे निदान पंधरा क्रेडिट लागतात आणि त्यांतले पाच जगाच्या इतिहासाचे असावे लागतात. म्हणजे हा विषय कोणालाच चुकवता येत नाही. तो साध्या पातळीवर घ्यायचा की ऑनर्सच्या, एवढेच ठरवायचे असते. ऑनर्समध्ये वाचन जास्त, वेग जास्त आणि लेखन पुष्कळच जास्त. महाविद्यालयीन पातळीचा जो ‘एपी’ अभ्यासक्रम असतो त्याच्या शेवटी बाहेरची परीक्षा असते, तशी ऑनर्सला नसते. शिक्षकच शिकवतात आणि शिक्षकच तपासतात. पुष्कळ शाळांत ऑनर्सच्या गुणांना वजन दिले जाते, त्यामुळे तीच श्रेणी मिळूनही सरासरी थोडी वर चढते.

आणि आम्हा पालकांची सगळी चर्चा या वजनाभोवतीच फिरते. पुढील वर्षाचे विषय निवडायची वेळ आली की मराठी घरांतून फोन सुरू होतात. ऑनर्स इतिहास घेतला तर सरासरी किती वाढेल, अभ्यासाचा बोजा किती पडेल, त्यापेक्षा तोच वेळ गणिताला दिला तर बरे नाही का, असे प्रश्न असतात. मीही हेच प्रश्न विचारले होते आणि वजनाच्या लोभानेच मुलीला तो वर्ग घ्यायला लावला होता, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण त्या वर्गाचा खरा उपयोग मला उशिराच कळला.

ऑक्टोबर महिन्यात मुलीचा पहिला मोठा निबंध परत आला. विषय होता सोळाव्या ते अठराव्या शतकात जगभर फिरलेल्या चांदीचा. येथे या प्रकाराला ‘डीबीक्यू’ म्हणतात. मुलांच्या हाती सहा-सात जुन्या कागदपत्रांचे उतारे दिले जातात आणि त्यांच्या आधारे एका प्रश्नाचे उत्तर स्वतःचे मत मांडून लिहायचे असते. दक्षिण अमेरिकेत पोतोसी येथे १५४५ साली चांदीचा डोंगर स्पॅनिश लोकांच्या हाती लागला, तेथे स्थानिक लोकांना वेठीला धरून खाणकाम झाले, ती चांदी काही युरोपमार्गे आणि काही पॅसिफिक ओलांडून मनिलाच्या वाटेने चीनपर्यंत गेली, हे सगळे तिने नीट वाचले होते. तिच्या गठ्ठ्यात पोतोसीच्या खाणीचे वर्णन करणारा एक स्पॅनिश धर्मोपदेशक होता आणि १५९३ साली बादशहाला अहवाल देणारा चीनच्या मिंग दरबारचा एक मोठा अधिकारीही होता. तिने प्रत्येक कागदात काय म्हटले आहे ते एकामागून एक, स्वच्छ इंग्रजीत आणि एकही चूक न करता लिहून काढले होते. तरीही गुण निम्म्याहून थोडेच वर आले.

मला राग आला. सगळे बरोबर लिहिलेल्या मुलीचे गुण कशाबद्दल कापले, असे विचारणारा मजकूर मी शिक्षिकेला पाठवण्यासाठी लिहूनही ठेवला होता. सुदैवाने त्याच आठवड्यात पालकभेटीचा दिवस होता, म्हणून तो न पाठवता समोरासमोर बोलावे असे ठरवले.

शिक्षिकेने निबंध माझ्यापुढे ठेवला आणि समासातील एका वाक्यावर बोट ठेवले. मिंग अधिकाऱ्याच्या अहवालात असे आहे की पिके चांगली आली नसतानाही धान्य स्वस्त झाले आहे, कारण लोकांच्या हाती चांदीच उरलेली नाही. सरकार कर चांदीत घेते, पण चांदी बाहेर फारशी सोडत नाही. मुलीने हे जसेच्या तसे उतरवले होते. समासात शिक्षिकेने विचारले होते, ‘हे तो कोणाला सांगतो आहे?’ तो हे बाजारातल्या व्यापाऱ्याला सांगत नाही, ज्याच्या खजिन्यात चांदी साठते आहे त्या बादशहालाच सांगतो आहे. म्हणजे हा नुसता भावांचा तपशील नव्हे. ही तक्रार आहे, आणि तीही अशी की ती आपल्या तोंडची दिसू नये म्हणून त्याने गावाकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी घातली आहे. एवढे लक्षात आले की तोच उतारा वेगळा दिसू लागतो. शिक्षिकेचे म्हणणे असे, की कागदात काय आहे हे सांगणे ही वाचनाची परीक्षा झाली. तो कोणी, कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी लिहिला हे ओळखून मग त्यावर किती विसंबायचे ते ठरवणे, हा इतिहास. घरी येऊन मी तो मजकूर पुसून टाकला.

या चार प्रश्नांची सवय त्या वर्गात वर्षभर लावली गेली. पहिले दोन-तीन महिने मुलीला त्याचा जाच वाटे. पुढे पुढे मात्र ती घरात कोणतीही बातमी ऐकली की ‘हे कोण म्हणाले?’ असे विचारू लागली, आणि आम्हा मोठ्यांना उत्तर देता येईना.

वसंत ऋतूत वर्गाला मोठा प्रकल्प दिला गेला. एकच घटना निवडायची, तिच्याविषयी वेगवेगळ्या बाजूंनी लिहिलेले दोन समकालीन किंवा जवळच्या काळातले पुरावे शोधायचे, आणि ते कोठे जुळतात, कोठे जुळत नाहीत व का जुळत नाहीत हे दाखवायचे. मुलीने रायगडावरचा १६७४ सालचा शिवराज्याभिषेक निवडला. वर्गात या विषयाची कोणालाच माहिती नव्हती. पाठ्यपुस्तकात मराठ्यांना मोगल साम्राज्याच्या उतरणीच्या प्रकरणात एक परिच्छेद होता, तोही ओझरता.

पहिला पुरावा सहज मिळाला, कारण तो इंग्रजीतच आहे. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून पाठवलेला वकील हेन्री ऑक्झिंडन त्या समारंभाला हजर होता आणि त्याने पाहिलेले लिहून ठेवले आहे. सिंहासनाच्या एका बाजूला सोन्याची, मोठ्या दातांची दोन मत्स्यमुखे, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि उंच भाल्याच्या टोकावर समतोल धरलेला सोन्याचा तराजू होता, असे तो नोंदवतो आणि तराजू हे न्यायाचे चिन्ह असेही सांगतो. दाराशी उभे असलेले दोन लहान हत्ती पाहून त्याला आश्चर्य वाटते की इतक्या बिकट वाटेने ते वर आणले तरी कसे.

दुसरा पुरावा सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासद याने ती १६९७ च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. महाराजांनी विचारले म्हणून आपण सांगतो आहोत, असे तो आरंभीच म्हणतो. तिच्यात सिंहासनाला ‘तक्त’ म्हटले आहे आणि ते बत्तीस मण सोन्याचे होते असे सांगितले आहे. आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असलेला हा आकडा. मलाही तो शाळेपासून पाठ होता, पण तो कोणी सांगितला, कधी सांगितला आणि कोणाला सांगितला, असा विचार माझ्या मनात उभ्या जन्मात आला नव्हता.

बखर मराठीत, तीही तीनशे वर्षांपूर्वीच्या. मुलीला मराठी बोलता येते, वाचताना ती अडखळते. म्हणून आम्ही असे ठरवले की रात्री जेवण झाल्यावर मी मोठ्याने वाचायचे आणि तिने वहीत इंग्रजी करून घ्यायचे. अकरा रात्री लागल्या. राज्याभिषेकाचा भाग तसा थोडा आहे; पण ती मला पुढे जाऊच देईना. ‘मण’ या शब्दाशी आम्ही एक पूर्ण संध्याकाळ अडलो. चाळीस शेरांचा मण, हे मी लगेच सांगितले. त्यावर तिचा प्रश्न आला, कोणता शेर? पुण्याला माझ्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, मण प्रांताप्रांतात वेगळा होता, तेव्हा त्याचे किलो करायच्या फंदात पडू नका. ‘बत्तीस मण’ असेच ठेवा आणि माप निश्चित नाही अशी टीप द्या. तिने तशी टीप दिली. पुढे शिक्षिकेने पूर्ण निबंधात कौतुक केले ते त्या टिपेचे.

मग ती दोन्ही कागद समोरासमोर ठेवून बसली. तिने काय लिहिले ते थोडक्यात सांगते, कारण पंधरा वर्षांच्या मुलीने ते स्वतः काढले आहे. ऑक्झिंडन हा बाहेरचा माणूस. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मिळवायला आलेला. त्याचे मालक मुंबईत बसून विचारणार की हा राजा किती बलवान आहे, त्याच्याशी करार केला तर तो टिकेल का. म्हणून त्याचे लक्ष सत्तेच्या चिन्हांकडे जाते आणि ती चिन्हे तो उलगडूनही सांगतो. सभासदाला मासे, शेपट्या, तराजू समजावून सांगायची गरजच नाही. ज्याच्यासाठी तो लिहितो त्याला ती खूण घरचीच आहे. तो सोने तोलतो. आणि कोठे बसून तोलतो? जिंजीत. रायगड १६८९ मध्येच मोगलांच्या हाती गेला आहे, जिंजीला कित्येक वर्षे मोगलांचा वेढा पडलेला आहे, राजा आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर आहे. अशा राजाला त्याच्या वडिलांच्या सिंहासनाचे वजन सांगितले जाते आहे. मुलीने लिहिले की या आकड्याकडे सोनाराच्या काट्याने पाहू नये. वेढ्यात बसलेल्या माणसांना आपण काय होतो याची ती आठवण आहे, आणि तेवढ्यापुरता तो पुरावा अत्यंत खरा आहे. मी ते वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले. बत्तीस मण हा आकडा मी पन्नास वेळा ऐकला असेन, पण त्यामागे बसलेला म्हातारा सेवक मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑक्झिंडनच्या लेखनात त्याच्या दुभाष्याचा उल्लेख येतो. इंग्रजी कागदात ते नाव ‘नारन सिनाय’ अशा धर्तीचे लिहिलेले आहे. मुलगी ते नाव दोन दिवस पोर्तुगीज समजत होती. मी स्वयंपाकघरातून ते मोठ्याने वाचलेले ऐकले आणि म्हटले, अगं, हे नारायण शेणवी. दरबारात इंग्रज दूर उभे होते, तेव्हा याच नारायण शेणव्याने नजर करायची हिऱ्याची अंगठी उंच धरली आणि महाराजांचे लक्ष तिकडे गेले, असे ऑक्झिंडन लिहितो. मुलीने तेथेच पेन खाली ठेवले आणि म्हणाली, ‘आई, म्हणजे याला जे समजले तेवढेच त्याला समजले.’ इंग्रज वकिलाच्या डोळ्यांमागे एक मराठी जाणणारा माणूस उभा आहे, हे तिच्या निबंधाचे शेवटचे पान झाले. हे पान तिला मराठी येत नसते तर लिहिता आले नसते.

माझे सगळे सांगणे या एका गोष्टीवर येऊन ठेपते. परदेशातील मराठी पालक मुलांना मराठी शिकवतात ते आजी-आजोबांशी बोलता यावे म्हणून, सणावारी चार गाणी म्हणता यावीत म्हणून. ते योग्यच आहे. परंतु जगाच्या इतिहासाच्या चांगल्या वर्गात मराठी ही एक किल्ली आहे, तिने उघडणारे जुन्या कागदांचे दप्तर शेजारच्या बाकावरील मुलाला उघडता येत नाही, हे आम्ही मुलांना कधी सांगितलेच नाही. ऑनर्सचा वर्ग सरासरीच्या वजनासाठी घेतला तर तो केवळ जड वाटतो. कागदाशी झुंजायला मिळते म्हणून घेतला तर मूल स्वतःच्या भाषेकडे नव्या नजरेने पाहू लागते.

या वर्गात उणिवा नाहीत असे मुळीच नाही. एका वर्षात सगळे जग बसवायचे म्हणजे प्रत्येक भूभागाला मोजके दिवस येतात, आणि हिंदुस्थानच्या वाट्याला मोगल, कंपनी आणि गांधी एवढेच येऊन संपते. कोठून सुरुवात करायची हाही वादाचाच विषय. २०१८ साली एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने एपी जगाच्या इतिहासाचा आरंभ १४५० पासून करायचे जाहीर केले, तेव्हा म्हणजे युरोपची जहाजे निघण्याच्या तोंडावरच जग सुरू होते का, असे म्हणत शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी जोरदार हरकत घेतली आणि शेवटी १२०० हे साल ठरले. पुस्तकांतील धागेही मध्येच तुटतात. अमेरिकन मुले शिकतात की १७८१ मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसने हार पत्करली. तेथे तो त्यांच्या नजरेआड होतो. तोच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला, टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे व निजाम यांना बरोबर घेऊन लढला आणि १८०५ मध्ये गाझीपूरला वारला, हे वर्गात मुलीने सांगितले तेव्हा पुष्कळांना तो दुसराच कोणी माणूस वाटला. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल अर्पण केली. अमेरिकन यादवी युद्ध शिकवणाऱ्या वर्गात त्या अर्पणपत्रिकेपेक्षा अधिक चांगला कागद कोणता असेल? पण तो तेथे न्यायचा कोणी? शिक्षिकेला तो माहीत असण्याचे कारण नाही. आम्हालाच न्यावा लागेल.

महाराष्ट्रातील शिक्षकांसाठीही एक नम्र निवेदन आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांनी होते, हे पाहून मला फार समाधान वाटले. परंतु माझा भाचा ते पाठ करून परीक्षेत लिहितो. हिरॉडोटस कोण, रांके काय म्हणाला, हे त्याला तोंडपाठ आहे. बखरीचा एक उतारा आणि इंग्रजी वखारीचे एक पत्र समोर ठेवून ‘आता तू ठरव’ असे त्याला कोणी म्हटलेले नाही. पोहण्याचे नियम पाठ असलेल्या मुलाला पाण्यात उतरू न देण्यासारखेच हे आहे. ज्या प्रांतात इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जीर्ण कागदपत्रांचे रुमाल सोडवत होते, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये छापत होते, जेथे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेथील मुलांना अस्सल कागद हाताळायला मिळू नये ही खंत वाटते. ही पद्धत अमेरिकेकडून शिकण्याची आपल्याला गरजच नव्हती. ती आपल्या घरातच होती, वर्गात तेवढी आली नाही.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत दर पंधरवड्याला अर्धे पान एका जुन्या मराठी कागदाला द्यावे. एखादे पत्र, बखरीतील उतारा, महजर (म्हणजे जुने निवाडापत्र) किंवा अर्पणपत्रिका मूळ शब्दांत छापावी, अवघड शब्दांचे अर्थ द्यावेत, लिहिणाऱ्याची व ज्याला लिहिले त्याची चार ओळींत ओळख द्यावी, आणि निष्कर्ष मात्र देऊ नये. त्या जागी प्रश्न छापावेत. येथील आणि तेथील मुलांनी उत्तरे पाठवावीत. जाणकार अभ्यासकांनी संपादन केल्यास शिक्षकांना ते थेट वर्गात वापरता येईल, आणि परदेशातील पालकांना रात्री जेवणानंतर वाचायला काहीतरी हाती मिळेल. इंग्रजी भाषांतराचे काम करायला येथील काही मुले तयार आहेत. माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणींनी यादवी युद्धाच्या पाठाआधी फुल्यांची अर्पणपत्रिका आणि तिच्या पुढची मराठी प्रस्तावना वर्गापुढे ठेवायचे ठरवले आहे. तिच्यातील काही शब्दांपाशी सध्या आम्ही अडलो आहोत, आणि माझ्या वडिलांचा फोन पुन्हा रोज रात्री वाजू लागला आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक
न्यू जर्सी, अमेरिका